तुरुंगाच्या दारातून विहाराच्या दारात



वर्षावासातील ग्रंथवाचन आपण आषाढ पौर्णिमेपासून चालविले आहे. गेल्या आठवड्यात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातील पतितांच्या व गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेचा भाग वाचून झाला. अंगुलिमालाची कथा आली तेव्हा लहान मुले सावरून बसली. वाचन संपताच सर्वांनी एका सुरात तीनदा 'साधु' म्हटले. मीही म्हटले. आणि त्यानंतर पंधरा मिनिटेही झाली नसतील, या विहारात एक गोष्ट घडली. तिच्याविषयी आज बोलावयाचे आहे.

आपल्या वस्तीतला एक तरुण तुरुंगातून सुटून आला आहे. त्याचे नाव घेत नाही, तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. दोघा जणांबरोबर त्याने एका किराणा दुकानाचे कुलूप तोडले. गुन्हा शाबीत झाला, शिक्षा झाली, ती त्याने पुरी भोगली. तो निर्दोष होता असे मी सांगणार नाही, तोही सांगत नाही. त्या संध्याकाळी तो आईबरोबर आला आणि मागच्या ओळीत बसला. माझी नजर त्याच्यावर गेली आणि तेथून ती दानपेटीवर गेली. मी उठलो, पेटी उचलली, कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावले. कोणी काही बोलले नाही. वंदना झाली, खीर वाटली, सर्व आपापल्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई माझ्या दारात उभी. म्हणाली, "गुरुजी, पेटी उचलताना पायलं त्यानं तुमाला. आता तो विहारात यायचा नाय." एवढेच बोलून ती माउली कामावर निघून गेली.

तेव्हा आजचे हे प्रवचन जितके तुमच्यासाठी आहे, त्याहून अधिक माझ्यासाठी आहे, असे समजा.

अंगुलिमालाच्या कथेचा पूर्वार्ध आपल्याला फार आवडतो. घोर अरण्य, बोटांची माळ, धावणारा डाकू आणि संथ चालणारे तथागत. यात भय आहे, चमत्कारासारखे काहीतरी आहे, म्हणून ती भिंतीवरच्या चित्रांत येते. उत्तरार्ध मात्र आपण भरभर वाचून टाकतो. आज तोच सावकाश पाहू.

कोसलचा राजा प्रसेनजित पाचशे घोडेस्वार घेऊन अंगुलिमालाला पकडावयास निघाला होता. वाटेत तो जेतवनात थांबला. तथागतांनी त्याला विचारले की, महाराज, अंगुलिमाल मुंडण करून, चीवर धारण करून शीलवान झालेला तुम्हांला दिसला तर काय कराल? राजा म्हणाला, वंदन करू, आसन देऊ, चीवर-भिक्षा-औषध यांची व्यवस्था करू. पण असल्या माणसाच्या ठायी शील येणार कोठून? तेव्हा तथागतांनी उजवा हात पुढे करून दाखविले की, हा पाहा अंगुलिमाल. तो जवळच बसला होता. राजाच्या अंगावर काटा उभा राहिला. तथागतांनी त्याला धीर दिला, मग राजाने स्वतः त्या भिक्षूजवळ जाऊन त्याच्या आईवडिलांचे गोत्र विचारले आणि त्याच्या निर्वाहाचा भार उचलण्याची तयारी दाखविली. दंडाने आणि शस्त्राने जे आम्हांला साधले नाही ते आपण त्यांवाचून साधले, अशी कबुली त्याने दिली.

यात दोन गोष्टी ध्यानात घ्या. तथागतांनी अंगुलिमालाला लपविले नाही. नाव बदलून, गाव बदलून राहा असे सांगितले नाही. राजासमोर, ज्याच्या हाती दंड होता त्याच्यासमोर, बोट दाखवून ओळख करून दिली. आणि दुसरी गोष्ट अशी की, भय वाटले म्हणून राजाला त्यांनी हिणवले नाही. भय वाटणे साहजिकच होते. प्रश्न भय वाटल्यावर पुढे काय करावयाचे, हा होता. राजा पुढे गेला. मी पेटी उचलली.

पुढे अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला गेला तेव्हा त्याला दगड लागले, काठ्या लागल्या. डोके फुटले, भिक्षापात्र फुटले, संघाटी फाटली. रक्तबंबाळ होऊन तो परतला. तथागत त्याला म्हणाले की, सहन कर. आपल्यातले पुष्कळ जण येथे थांबतात आणि म्हणतात, पाहा, केलेल्या कर्माचे फळ भोगावेच लागते, मग आमच्या पोराला वस्तीने चार दिवस टोचून बोलले तर काय बिघडले? परंतु तथागतांनी हे कोणाला सांगितले ते पाहा. ज्याने मारले होते त्याला. दगड मारणाऱ्यांना 'तुम्ही योग्य केले' असे त्यांनी म्हटल्याचे कोठेही नाही. श्रावस्तीत ज्यांचे बाप, ज्यांची मुले गेली होती त्यांचे दुःख खरे होते, आणि त्या दुकानदाराचेही नुकसान खरे होते. त्याने या तरुणाला दुकानाच्या पायरीवरून परत पाठविले तर मी त्याला काही बोलणार नाही. पण माझे त्याने काय चोरले होते? तुमचे काय चोरले होते? ज्याला जखम नाही त्याने दगड कशाला उचलावा?

आता कोणी जाणकार उपासक म्हणेल, गुरुजी, विनयात तर चोराला प्रव्रज्या देऊ नये असा नियम आहे. आहे. लोकांनी तक्रार केली आणि तथागतांनी ध्वजबद्ध, म्हणजे उघड उघड नामांकित असलेल्या चोराला संघात घेण्यास मनाई केली. तुरुंग फोडून पळालेल्यालाही मनाई केली. पण शब्द नीट वाचा. तुरुंग फोडून आलेला, तुरुंग भोगून आलेला नव्हे. चीवर पांघरून राजदंड चुकवू पाहणाऱ्याला संघ आश्रय देणार नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. ज्याची मुदत भरली त्याच्यासाठी तो नियम नाही. शिवाय हा प्रश्न भिक्षूच्या प्रव्रज्येचा आहे. उपासकाला विहारातल्या सतरंजीवर बसू द्यावे की नाही, हा प्रश्न विनयात कोणाला पडलेलाच दिसत नाही. तो आपल्यालाच पडला.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. माणूस जन्माने नव्हे, कर्माने हीन ठरतो, हे तथागतांचे वचन आपण सर्वांत आधी पाठ केले, कारण जन्माचा डाग त्याने पुसला. मग ज्याने चोरीचे कर्म केले तो कर्माने हीन झालाच की? होय, त्या कर्मापुरता झाला. पण जन्म आणि कर्म यांतला भेदच असा आहे की, जन्म बदलत नाही आणि कर्म बदलते. आज चोरी करणारा उद्या करीत नसेल तर त्याला चोर कशाच्या आधारावर म्हणावयाचे? एकदा केलेले कर्म मरेपर्यंत कपाळी चिकटवून ठेवले, की त्याचाच जन्म होतो, त्याचीच जात होते. पुढे त्याच्या मुलालाही 'जेलवाल्याचा पोरगा' म्हणतात. मनूने यापेक्षा वेगळे काय केले?

इंग्रज सरकारने तर तेही उघडपणे केले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसे जन्मतःच गुन्हेगार ठरविली गेली. गुन्हा करण्याची गरजच राहिली नाही, त्या आईच्या पोटी येणे पुरे होते. आपल्या सोलापुरात तारेच्या कुंपणात या लोकांची सेटलमेंट होती, हजेरी होती. १९५२ साली तो कायदा रद्द झाला आणि तेव्हापासून ते लोक विमुक्त म्हणवले जाऊ लागले. पण कायदा रद्द झाला म्हणून ठाणेदाराच्या डोक्यातली यादी रद्द होत नाही. त्या कायद्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, महाराष्ट्रात १९५९ चा आहे, आणि जुन्या यादीतलीच नावे नव्या वहीत येत राहिली.

वहीवरून आठवले. त्याची आई येऊन गेल्यावर दोन दिवसांनी मी त्या तरुणाच्या घरी गेलो. सुरुवातीला तो बोलेना. मग चहा झाला आणि तो तुरुंगातले सांगू लागला. मार, गर्दी, डाळीतले पाणी, हे सांगेल असे मला वाटले होते. त्याने सांगितली ती पहिल्या दिवसाची गोष्ट. आत घेताना नाव, बापाचे नाव, गाव, कलम लिहून घेतले आणि मग जात विचारली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या हातात झाडू आला आणि संडासाची बाजू दाखविली गेली. त्याच्याच गुन्ह्यातला, त्याच्याच बरोबर आत आलेला दुसरा आरोपी वेगळ्या जातीचा होता, तो भटारखान्यात भाकऱ्यांवर गेला. कोणत्या नियमाने? नियम कोणी दाखविला नाही, त्यानेही विचारला नाही. "तिथं विचारायचं नसतं, गुरुजी," तो म्हणाला.

न्यायाधीशाने त्याला कुलूप तोडण्याची शिक्षा दिली होती. झाडूची शिक्षा कोणत्या कोर्टाने दिली?

हे त्या एका तुरुंगातले एका वॉर्डरचे खूळ असावे असे समजू नका. कित्येक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत हे छापलेले होते. उत्तर प्रदेशच्या नियमावलीत असे होते की, साध्या कैदेच्या बंदीला हलके काम देऊ नये, मात्र तो तसले काम करण्याची सवय असलेल्या जमातीचा असेल तर द्यावे. पश्चिम बंगालच्या नियमावलीत झाडूवाले मेहतर किंवा हाडी जातीचे निवडावेत असे जातींची नावे घेऊन लिहिले होते आणि स्वयंपाक 'योग्य' जातीच्या कैद्यांकडे होता. राजस्थानच्या १९५१ च्या नियमांत स्वयंपाकाला ब्राह्मण अथवा पुरेशा उच्च जातीचा हिंदू हवा होता. ते कलम त्यांनी २०२१ मध्ये काढले. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट झाली असे १९५० पासून आपण मुलांना शिकवीत आलो. तुरुंगाच्या भिंतीआड ती सरकारी कागदावर जिवंत होती.

सुकन्या शांता या पत्रकार महिलेने हे शोधून २०२० मध्ये प्रसिद्ध केले आणि पुढे त्याच सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने निकाल दिला. जातीवरून कामे वाटणारी, जातीवरून कैदी वेगळे ठेवणारी ही कलमे घटनाबाह्य ठरली. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकावा आणि राज्यांनी तीन महिन्यांत नियमावल्या सुधाराव्यात, असा आदेश झाला. विमुक्तांना सराईत गुन्हेगार समजण्याची रीतही न्यायालयाने फटकारली. हा निकाल प्रत्येक विहारात मोठ्याने वाचला जावा अशा योग्यतेचा आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली जातीच्या धंद्याची जी चिरफाड केली, तीच त्यातल्या युक्तिवादाच्या मुळाशी आहे.

पण आपला तरुण निकालाच्या आधी आत गेला आणि नंतर बाहेर आला. नोंदवहीतला त्याचा रकाना कोर्टाने खोडला असेल. मी पेटी उचलली तेव्हा माझ्या वहीत नवा रकाना उघडला.

तुरुंगात आपली माणसे किती आहेत याची तुम्हांला कल्पना आहे काय? २०२२ च्या अखेरीस या देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि जागा होती ४,३६,२६६ जणांची. त्यांतले दर चारांपैकी तीन कच्चे कैदी होते. म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही असे. अनुसूचित जातींचे प्रमाण पाचांत एकाच्या आसपास भरते. २०११ च्या जनगणनेत ते देशाच्या लोकसंख्येत १६.६ टक्के होते. आपली माणसे अधिक गुन्हे करतात म्हणून असे होते काय? तसे म्हणणाऱ्याने आधी एखाद्या सत्र न्यायालयाच्या व्हरांड्यात दिवसभर बसावे. जामीन मंजूर होतो आणि माणूस आतच राहतो, कारण सातबारा घेऊन उभा राहणारा जामीनदार नसतो. पाच-दहा हजारांसाठी वर्ष जाते. कायद्याच्या भाषेत एक सुंदर शब्द आहे, 'जातमुचलका'. म्हणजे माणसाने स्वतःच्या शब्दावर सुटणे. येथे 'जात' म्हणजे खुद्द, स्वतः. आपल्या पोराला तो क्वचित मिळतो. दुसऱ्या अर्थाची जात मात्र लगेच मिळते.

तथागतांनी या प्रश्नाचे मूळही दाखवून ठेवले आहे. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात राजा महाविजिताची गोष्ट आहे. राज्यात चोर-दरोडेखोर माजले होते. राजाला मोठा यज्ञ करावयाचा होता. पुरोहिताने त्याला सांगितले की, वध, बंधन, दंड, हद्दपारी यांनी हा काटा निघणार नाही, कारण जे उरतील ते पुन्हा उपद्रव देतील. शेती करणाऱ्यांना बी-बियाणे आणि चारा द्या, व्यापार करू इच्छिणाऱ्यांना भांडवल द्या, चाकरांना वेतन आणि अन्न द्या. राजाने तसे केले आणि लोक घराची दारे उघडी टाकून राहू लागले. बुद्धाचा धम्म म्हणजे केवळ डोळे मिटणे नव्हे, हे ज्यांना पटत नाही त्यांनी हे सुत्त वाचावे.

डोळे मिटण्याला माझा विरोध नाही. १९७५ मध्ये जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात आचार्य गोएंका यांनी विपश्यनेचे शिबिर घेतले. १९९४ मध्ये तिहारला हजारांहून अधिक कैदी एकाच वेळी बसले. ज्यांना आतल्या क्रोधाचा ठाव लागला ते बरे झाले. पण बराकीतला झाडू कोणाच्या हातात आहे, हे पाहण्यास डोळे उघडे ठेवावे लागतात. बेड्यांविषयीही एक सुत्त आहे. कोसलच्या राजाने पुष्कळ लोक दोरांनी, साखळदंडांनी बांधविले होते. भिक्षूंनी हे येऊन सांगितले, तेव्हा तथागत म्हणाले की, लोखंडाहून आसक्तीचे बंधन अधिक बळकट असते. हे सुत्त मी पूर्वी एकदा तुरुंगात जाऊन कैद्यांना ऐकविले आहे. आज त्याची लाज वाटते. तथागतांनी ते बांधलेल्यांना सांगितले नव्हते, मोकळ्या भिक्षूंना सांगितले होते. माझी आसक्ती त्या पेटीवर होती.

प्रियदर्शी अशोकाने मात्र केवळ उपदेश केला नाही. पाचव्या शिलालेखात धम्ममहामात्रांच्या कामांत बंदिवानांची सोय लावणे हे काम लिहिलेले आहे. ज्याच्या पाठीशी लेकरे आहेत, जो पीडित आहे, जो म्हातारा आहे, त्याच्या सुटकेकडे त्यांनी पाहावयाचे होते. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे होईतो पंचवीस वेळा बंदिमोचन केल्याचे तो स्तंभलेखात नोंदवितो. ज्यांना देहदंड झाला त्यांना तीन दिवसांची मुदत त्याने दिली. देहदंड रद्द केला नाही, हेही खरे, आणि ते मला टोचते. पण आतल्या माणसाची लेकरे कोण सांभाळतो हा प्रश्न दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी एका राजाने दगडावर कोरला. आपल्या विहार समितीच्या इतिवृत्तात तो एकदाही आलेला नाही. मी जुन्या वह्या चाळून पाहिल्या. येरवड्याचे नाव त्यांत दर वर्षी येते, २४ सप्टेंबर १९३२ च्या करारामुळे. त्याच येरवड्यात आज कोणाची पोरे आहेत, हे कोणी लिहिलेले नाही.

मी त्या तरुणाची क्षमा मागितली. तो म्हणाला, "राहू द्या, गुरुजी, सगळेच उचलतात." हे ऐकून मी घरी आलो आणि मला जेवण गेले नाही. तो आज येथे नाही. पुढच्या पौर्णिमेला येईल की नाही, सांगता येत नाही. पेटी तिच्या जागेवर पुन्हा ठेवली आहे, इतकेच.

आता कामाचे बोलतो. आपल्या वस्तीतली आणखी दोन मुले सध्या आत आहेत, दोघेही कच्चे कैदी. एकाची आई दर भेटीच्या दिवशी दोन एस.टी. बदलून एकटी जाते. तिला अक्षर येत नाही, आधार कार्ड कोणत्या खिडकीवर दाखवावयाचे तेही दर वेळी विचारावे लागते. दुसऱ्याचा जामीन मंजूर होऊन महिना झाला, जामीनदार नाही. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला, स्त्रीला आणि तुरुंगातल्या कोणालाही फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्यावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे ४७९ वे कलमही पाहून ठेवा. पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात कधीही दोषी न ठरलेला कच्चा कैदी संभाव्य शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत राहिला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडण्याची तरतूद त्यात आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले चालू असलेल्यांना ती लागू नाही. आपली मुले त्यात बसतात की नाही, हे वकिलाला विचारावे लागेल. पण विचारायला कोणीतरी जावे लागेल.

येत्या गुरुवारी भेटीचा दिवस आहे. सकाळी सहाच्या गाडीने मी त्या माउलीबरोबर जाणार आहे. अर्ज लिहू शकेल असा एक शिकलेला मुलगा हवा आहे. आणि ज्याच्या नावावर घर किंवा शेत आहे, असा एक माणूस हवा आहे. जामीन राहण्यात धोका आहे, हे लपवीत नाही. जे यावयास तयार असतील त्यांनी वंदनेनंतर मागे थांबावे.